फिरती पाटी

आमच्या गल्लीत एक पाटी फिरते.
शिमोदांकडून माझ्याकडे, माझ्याकडून हिदिरकडे,
तिथून पुढे सायकलवाल्याकडे.
वाचायची, 'पाहिले' असा शिक्का मारायचा,
शेजारच्या दारात नेऊन ठेवायची.
एरवी काय असतं तिच्यात: गटारं उपसायचा रविवार,
हरवलेलं मांजर, भूकंपाची कवायत.

या वेळी दोन कागद होते.
वरचा कचऱ्याचा.
खालचा महापौरांना विनंतीचा: परवाना नसलेल्या कुर्द कुटुंबांना
विनाविलंब त्यांच्या देशी धाडावं.
त्याच्याखाली चौदा शिक्के.

चौदावा शिमोदांचा. शिमोदा वाईट माणूस नाही.
माझे यजमान गेले तेव्हा सगळा हिशेब त्यांनीच सांभाळला,
येनला येन जुळवून दिला.
सभेत म्हणाले, ओळखीच्या माणसासाठी नियम वाकवला
की नियम उरत नाही, नुसती ओळख उरते.
मला उत्तर सुचलं नाही.
अजून सुचलेलं नाही.
आणि पहाटे त्यांचे ट्रक धडधडायचे
तेव्हा पालिकेत दोनदा फोन करणारी मीच.
नाव नव्हतं सांगितलं.

हिदिर घरं पाडतो.
म्हातारी माणसं गेली, मुलं तोक्योत, अशी घरं.
त्याला काम करायची मुभा नाही
आणि ती घरं दुसरं कोण पाडणार,
ही दोन्ही वाक्यं गल्लीत सगळ्यांना पाठ आहेत,
एका दमात कुणी म्हणत नाही.
एकवीस वर्षं झाली. कागदावर शब्द आहे, 'तात्पुरती मोकळीक'.
ठरल्या दिवशी खिडकीशी जायचं,
तात्पुरतेपण ताजं करून आणायचं.

माझ्या भावाचं घर त्यानेच पाडलं.
दुपारी दाराशी आला, धुळीने पांढरा,
छातीशी धरलेला दगड.
लोणच्याच्या पिंपावरचा, आमच्या आजीचा.
म्हणाला, हा टाकायचा नसेल ना?
माझी आई असाच ठेवायची, चीज दाबायला.
मी म्हटलं, नाही, टाकायचा नाही.
मग तो कुठे ठेवावा यावरच आम्ही दोघं
कितीतरी वेळ बोलत उभे राहिलो.

बेरफिन त्याची मुलगी. इथल्याच इस्पितळात जन्मली, आता सतरा.
नदीपलीकडे तोक्यो लागतं. पूल चालत अकरा मिनिटांचा.
शाळेची सहल पलीकडे गेली तेव्हा तिची परवानगी आली नव्हती.
आली ती मंगळवारी, सहल परतल्यावर.
तो कागद तिने जपून ठेवलाय.
मला दाखवला होता, शिक्का किती सरळ बसलाय म्हणून.

पाटी मी तीन दिवस ठेवून घेतली.
स्वयंपाकघरात, त्या दगडाखाली.
शिक्का मारला नाही. कागद फाडलाही नाही.
धीट म्हणावं असं काही माझ्या हातून झालं नाही,
नुसता उशीर झाला.

चौथ्या संध्याकाळी बेल वाजली.
"आजी, या महिन्यात पाटी आलीच नाही.
कावळ्यांची जाळी लावायची पाळी बाबांची आहे ना?"
द्यावीच लागली. पुढचं दार त्यांचंच.

बापाला आमची चित्रलिपी येत नाही,
तीच वाचून दाखवते.
आमच्या मधली भिंत पातळ आहे.
आधी काहीच नाही आलं,
खालचा कागद मनात वाचायला लागेल तेवढा वेळ.
मग तिचा आवाज, त्यांच्या भाषेत,
मधूनमधून आमचे शब्द:
गुरुवारी. काच. वेगळ्या पिशवीत.
त्याने काहीतरी विचारलं. आणखी काय लिहिलंय, असं असावं.
"काही नाही," ती म्हणाली,
तेवढं मात्र जपानीत.

मग शिक्का बसल्याचा आवाज. एकदाच.
कुठल्या कागदावर, ते मी पाहिलेलं नाही.