अभिप्रायाची वही

फोटोत खिडकीतून नदी दिसत होती.
खोलीत नदीचा नुसता आवाज,
मधे बांबूचं बेट, इतकं दाट
की कावळाही आत शिरताना विचार करील.
"उन्हाळ्यात दिसती की," ओमाण्णा म्हणाला, वय वर्षं अकरा,
एका हातात किल्ली, दुसऱ्यात आमची जड बॅग.
"पानं झडली की सगळी दिसती."
उन्हाळ्यात नदीला पाणी असतं का,
हे सुनेत्रानं विचारलं नाही.
मी विचारलं.
"तेवढं नसतंय," तो म्हणाला.

जांबोटीच्या पुढे, डांबर संपतं तिथून आणखी दोन वळणं.
फाट्यावर पाटी: वर कानडी, ताजी, पिवळी,
खाली चुना फासलेला,
आणि चुना भिजला की आतून हळूहळू
उगवून येणारी मराठी:
न्याहारीसह राहण्याची उत्तम सोय.

मोठं माणूस घरात नव्हतं.
बाप गोव्याला, कळंगुटच्या हॉटेलात
परक्यांच्या चादरी सुरकुती न पडता अंथरतो.
आई रोजानं रताळी काढायला.
घर, गिऱ्हाईक आणि एक शेळी
ओमाण्णाच्या ताब्यात.

आमची चादर दमट. चादरीवर मोर.
भिंतीवर स्वित्झर्लंड, त्याला बुरशी आलेली,
बर्फालासुद्धा.
नळ आधी खोकायचा, मग तांबडं थुंकायचा.
वीज सातला गेली, आमच्याआधी झोपली.
मध्यरात्री मोबाइल थरथरला
आणि गोव्यात आपले स्वागत आहे म्हणाला.
"निदान तो तरी पोचला," अंधारातून सुनेत्रा.
स्वेटर, मोजे आणि वर माझा रेनकोट घालून ती पडली होती.
लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून
इथं यायची कल्पना माझी.

न्याहारी आठला, असं छापलं होतं.
साडेदहाला खानापूरची गाडी आली.
कंडक्टरनं खिडकीतून ब्रेडचा पुडा टाकला,
ओमाण्णानं न बघता झेलला.
जॅम संपलं होतं.
"रताळं भाजू काय?"

निघताना त्यानं वही पुढे केली.
दोनशे पानी, त्यातली चार भरलेली:
खूप छान. निसर्गरम्य. मुलगा गुणी आहे.
एक जण नुसती सही करून पळालेला.
मी ठरवलं, खरं लिहायचं. पैसे मोजलेत.
लिहिलं: नदी दिसत नाही. वीज नाही.
माणसं दोन, टॉवेल एक.
एकंदरीत गैरसोय.

त्यानं वही ओढून घेतली, बोट ठेवलं.
गावातली मराठी शाळा बंद झालीय,
तो तीन मैल चालून कानडीत शिकतो.
मराठी त्याच्या तोंडात आहे,
डोळ्यांत अजून यायचीय.
"न... दी... दि... स... त..."
माझं वाक्य इतक्या सावकाश
कुणी वाचलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.
'नाही'पाशी तो अडला,
पुन्हा 'नदी'पासून सुरू झाला.
सुनेत्रा गाडीत जाऊन बसली.

"टॉवेल दोन हाईत," तो म्हणाला.
रागानं नव्हे, हिशेब चुकला म्हणून.
मागच्या दोरीकडे हात केला.
"रविवारी धुतलोय. वाळंना झालाय."

मग शेवटच्या शब्दावर बोट.
"गैरसोय म्हणजे?"
"सोय नसणं."
"सोय कळती. गैर म्हणजे?"
मी किल्ली या हातातून त्या हातात घेतली.
म्हटलं, शाळेत विचार.
"शाळेत कानडी," तो म्हणाला.

आणि माझ्याच पेनानं
'एक'वर काट मारून
त्यानं शेजारी कानडी दोन काढला,
तो मराठी दोनसारखाच दिसतो, जवळजवळ,
टोपण नीट बसवलं,
पेन परत दिलं.