गुडघ्यातला प्राजक्त

एक्स-रेची फिल्म कापायला सगळ्यात चांगली.
पुठ्ठा चार ठशांत भिजून फुगतो, प्लास्टिक सरकतं,
फिल्म ब्लेडला नाही म्हणत नाही.
हे मला कुणी शिकवलं नाही,
माझगावच्या दमट हवेत सात पुठ्ठे वाया गेले, तेव्हा कळलं.

माईचा डावा गुडघा, सन दोन हजार अकरा,
कपाटावर पिवळ्या पाकिटात पडून होता.
जुनाच तर आहे, म्हटलं.
वाटीच्या खाली, हाड हाडाला घासतंय म्हणाले होते
तिथे प्राजक्त कापला:
सहा पाकळ्या, देठ वेगळा.
देठाची शाई केशरी, ती नंतर.

कागद काळबादेवीचा.
लग्नपत्रिकांच्या छापखान्यातल्या उरल्यासुरल्या कडा
किलोवर मिळतात.
काहींवर सोनेरी गणपतीची अर्धी सोंड येते,
ती मी घडीच्या आत घेते.
स्पंज गादीवाल्याकडचा. शाई रबरी शिक्क्यांची, जांभळी,
आणि एक लाल, जी दर वेळी पाकळीखाली शिरते.
स्पंज आधी वर्तमानपत्रावर टेकवायचा,
बातम्या पितील तेवढी पिऊ द्यायची,
मग उरलेली कार्डाला.

अक्षरांचं दुखणं वेगळं.
'वाढदिवस' कापला तेव्हा दोन्ही व-ची पोटं
टेबलावर गळून पडली.
बारीक पूल सोडावा लागतो,
आतल्याला बाहेरच्यानं धरून ठेवायला.
सोडला की अक्षर तुटकं दिसतं,
नाही सोडला तर अक्षरच नाही.
शेजारच्या ऑलिंडाला हे सांगितलं, तर म्हणाली,
नाताळची तीस कार्डं दे,
प्रवचन वेगळ्या पाकिटात घाल.

सुकायला गॅलरीतल्या दोरीवर, चिमटे लावून,
माईच्या परकरांशेजारी.
गोदीकडून वारा आला की सगळी एकदम उघडतात,
आत कोरी.
आतलं ज्याचं त्यानं लिहावं,
मी फक्त बाहेरचं विकते.
वीस रुपये, पाकिटासकट.

या मार्चात गुडघा पुन्हा धरला.
डॉक्टर पंथकी म्हणाले, जुना फोटो असेल तर बरं, ताडून बघू.
माईनं पिशवीतून पिवळं पाकीट काढलं.
मी अडवायच्या आत
फिल्म उजेडाच्या पेटीवर चढली होती.

निळ्याकाळ्या हाडांमध्ये
सहा पाकळ्यांचा लख्ख पांढरा उजेड.
कडेनं जांभळी शाई वाळलेली, जराशी लालही.
डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.
"गाठ नाही ती," माई म्हणाली,
"मुलगी आहे माझी."

नेमकं बघायचं होतं तेच गेलं, ते म्हणाले.
नवा काढा. खाली काउंटरवर, साडेचारशे.

टॅक्सीत ती गप्प.
भायखळ्याच्या पुलावर एकदम म्हणाली,
किती गेली माझ्या गुडघ्यातून?
दोनशेच्या वर असतील.
कुठे कुठे?
आठवेल तसं सांगत गेले.
वसईला बरीच. एक मस्कतला, जहाजावरच्या भावाला.
एक चिंचपोकळीच्या नर्सनं नेलं,
पैसे देऊन पुन्हा परत आणून ठेवलं,
आत काही लिहिता आलं नाही म्हणाली.
माई गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होती,
लांबच्या नातेवाइकांची खुशाली ऐकावी तशी.
त्या नर्सचं मात्र दोनदा विचारलं.

नव्या फिल्मचं पाकीट महिनाभर तिच्या उशीखाली होतं.
परवा माझ्या टेबलावर दिसलं, ब्लेडच्या शेजारी,
वर पेन्सिलीनं, हललेल्या अक्षरात:
सांधा सोडून काप.

अजून कापलेलं नाही.
उजेडाला धरून बघते रोज,
कुठून कुठपर्यंत आपलं
आणि कुठे हात लावायचा नाही.