के

तारामुंबरीच्या बंदरावर बांगड्यांचा लिलाव रंगलेला,
तेवढ्यात हर्षालीचं उत्तर आलं:
के.

हात खारट, पदराला पुसले.
एकच अक्षर. पोर विचारतेय काहीतरी,
काय? कधी? कुठे? कशी?
आपले सगळे प्रश्न क-पासूनच ना.

म्हणून एका बोटाने लिहीत बसले:
सुकतीला कालवं काढायला गेलेले.
पायाची सूज उतरली.
बाबल्याची होडी अजून वाळूतच.
रात्री जेवले, खोटं नाही.

बर्फ फोडता फोडता निहाल हसला,
“काकी, के म्हणजे ठीक. विषय संपला.”

संपला तर संपला.
टोपली डोक्यावर घेतली, घाटी चढू लागले.
कमरेला फोन थरथरला,
दोन्ही हात गुंतलेले.

घरी येऊन वाचलं:
कालवं कुठल्या खडपावरची?
आणि एकटीच गेलेलीस?