चाळीस सेकंद

सारडा सर्कलमागच्या गल्लीतून, इद्रिसभाईंच्या दुकानातून
चार जुने राउटर आणले, भंगाराहून थोड्या वरच्या भावात.
एकावर अजून कुठल्याशा बुडालेल्या बँकेचं स्टिकर.
पवननगरच्या दोन खोल्यांत त्यांचे पंखे असे घोंगावले
की वरच्या सोनगिरेकाकूंनी जिन्यातच धरलं,
गिरणी टाकली का गं?
टाकलीय म्हटलं. दळण माझंच आहे.

दिवसा अंबडला नोकरी. सात ते नऊ झोप.
मग पहाटे तीनपर्यंत रस्ते शिकायचे.
द्वारकेच्या चौकातही मला लूप दिसायला लागला:
मुंबई नाका म्हणतो द्वारकेला विचारा,
द्वारका म्हणते मुंबई नाक्याला,
आणि पॅकेट मधल्यामधे मरतं,
कारण त्याला जन्मतःच आयुष्य मोजून दिलेलं असतं,
दर थांब्यावर एक वजा.

बाबा टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर होते.
शालिमारच्या खड्ड्यात उकिडवं बसून
निळा-पांढरा, केशरी-पांढरा, हिरवा-पांढरा,
एकेका केबलीत बाराशे जोड्या.
आता त्यांना कमी ऐकू येतं.
माझी वही धरून ते प्रश्न विचारायचे,
ओएसपीएफला ‘ओस्पफ’ म्हणायचे, घशात शेंगदाणा अडकल्यासारखं.
उत्तर बरोबर की चूक ते त्यांना कळत नसे,
मी अडखळले की मात्र कळायचं.
‘ह्या जोडात पाणी शिरलंय,’ म्हणायचे. ‘परत सोल.’

त्यांनी नीट ऐकून घेतलेला एकच धडा:
शेजारचा राउटर दर दहा सेकंदांनी हॅलो म्हणतो.
बाकी काही नाही. नुसतं हॅलो.
चाळीस सेकंद हॅलो आला नाही
तर शेजारी गेला असं धरून
त्याच्याकडून जाणारे सगळे रस्ते पुसायचे.
‘चाळीसच?’ बाबा म्हणाले.
आईचा नंबर त्यांच्या फोनमध्ये अजून आहे.

बंगळूरला पहिल्या खेपेला वेळ पुरला नाही.
दुसऱ्या खेपेला एक मास्क उलटा लिहायचा, तो सुलटा लिहिला,
आणि जेवणानंतर अख्खं जाळं कोसळलं तरी
त्या ओळीकडे बघितलंच नाही.
पाटणकर साहेबांना सांगितलं, ताप होता.
फी पीएफमधून काढलेली, ते घरीही नाही सांगितलं.

मग फेब्रुवारीत एकदा रात्री दीडला दिंडोरीचं कोल्ड स्टोरेज.
सेन्सर मुके, आत अठ्ठावीस टन थॉमसन, रॉटरडॅमला जायची,
ड्रायव्हर कानटोपी घालून टॉर्च धरून उभा.
उंदराने कुरतडलेली तार अकराव्या मिनिटाला सापडली.
ही कुठल्याच पुस्तकात नव्हती.
टॉर्चच्या उजेडात मी रंग बघून सोलत गेले
आणि हात कुणाचे चालताहेत ते मला कळलं.

तिसऱ्या खेपेला पहिला तासभर मी काही टाइपच केलं नाही.
नुसतं वाचलं. कागदावर चित्र काढलं.
शेवटच्या वीस मिनिटांत एक ओळ पुसली.
ती पुसायला हवी होती का, हे अजून माहीत नाही.

निकाल मध्यरात्री आला, लॉजच्या जिन्यात,
कारण खोलीत रेंज नव्हती.
एक आकडा फक्त. आता जन्मभर माझा.
बाबांना फोन लावला, त्यांना ऐकू गेलं नाही.
ओरडून सांगितलं, पास!
खालचा वॉचमन जागा होऊन कन्नडमध्ये काहीतरी म्हणाला,
अभिनंदन असावं, किंवा गप्प बस.
बाबा म्हणाले, ‘दिवे सगळे हिरवे आहेत.
मी काही बंद नाही केलं.’

घरी आले, बॅग दारातच टाकून कन्सोल उघडला.
शेजारी: फुल. तीन दिवस सात तास,
एकदाही तुटला नव्हता.
तीच कमांड परत परत देत बसले,
उजवीकडचा आकडा उतरत होता,
चौतीस, तेहतीस, एकतीस,
परत चाळीस.

आतल्या खोलीत बाबा खोकले.
‘आले,’ म्हटलं,
त्यांना ऐकू जाईल इतक्या जोरात.