एकशे तीसवर

चौदाशेचं लोखंड मी नुसत्या डोळ्यानं ओळखायचो.
उद्यमनगरात छत्तीस वर्षं, कपोल्यापुढं.
पिवळ्यात पांढरं उतरलं की हात वर करायचा,
पोरं लाडल घेऊन पळत यायची.

आता हे जावयानं दिलेलं खोकं,
केकसाठी म्हणून. काच, आत एक बल्ब,
आणि गोल बटण, अडीचशेच्या पुढं न जाणारं.
एवढ्यात आमच्या भट्टीचा पत्राही तापला नसता.

फिबी खुर्चीवर बसून बोट खाली करते.
कमी.
अजून कमी.
एकशे तीस.

मिश्रीनं गाल नेला तिचा, डावा.
कापलं, शिवलं, शेकलं. आता तोंड दोन बोटं उघडतं,
तीही माझी नव्हेत, तिची.
वर तिखट बंद.
कोल्हापुरात घर आणि तिखट बंद!
शेजारच्या आक्काताई चटणीचा डबा घेऊन आल्या होत्या,
दारातनंच परत गेल्या, घरात सुतक असल्यागत.

तेव्हा तिनं नातवाच्या पाटीवर लिहिलं: रोस.
तिची आई मिशनच्या बंगल्यात स्वयंपाकाला.
मडम रोस्ट म्हणायची,
आईच्या जिभेवर ट काही ठरला नाही.
आता लेकीच्याही ठरत नाही.

दस्तगीरनं मोठ्याचं दिलं, मागच्या फऱ्यातलं, दीड किलो.
"ह्यो कशाला? दोरी हाय नुसती.
जनावर आयुष्यभर ह्याच्यावरच चाललंय."
म्हटलं, म्हणूनच दे.

रात्री मीठ चोळलं. सकाळी चर्चची घंटा वाजली
तेव्हा मी धुतलेल्या दोऱ्यानं तुकडा आवळत होतो.
तव्यावर चारी अंगांनी लाल केला,
खाली कांदे, गाजरं, लसणीचा अख्खा गड्डा,
वर चंदेरी कागद, कडा दाबून दाबून.
फट राहिली की माल तिथूनच पळतो,
मग तो धातू असो की वाफ.

पावणेबाराला लाईट गेली.
बल्ब विझला. साडेतीन तासांतले दोनच झालेले.
माझा हात दाराच्या दांडीवर
आणि फिबीची टेबलावर थाप.
नको.

छत्तीस वर्षं तिनं डबा गेटवर दिला,
भट्टी आतनं कधी पाहिली नाही.
आणि मी जे पोरांना शिव्या देऊन शिकवलं
ते ती मला एका थापेत सांगते.
पेटी लवकर फोडली की ओतीवाला चीर जाते.
एकदा पंपाचं घर मीच घाईनं उघडलेलं.
टण् झालं.
मालक काही बोलला नाही, तेच जास्त लागलं.

बसलो मग. पंखा थांबलेला.
गल्लीत कुणाच्या तरी कुकरनं चार शिट्ट्या दिल्या.
विझलेल्या खोक्यातून वास येत राहिला,
आधी कांद्याचा,
मग ज्याला माझ्याकडं शब्द नाही त्याचा.
फिबीनं डोळे मिटले होते.
झोपली असेल. नसेलही.

लाईट आली दीड वाजता,
शेजारच्या टीव्हीवर कुणीतरी जोरात हसलं.
कागद काढला. दोरा सोडला तर
तुकडा स्वतःच्याच वजनानं जरा खाली बसला,
पाहुणा गेल्यावर बसावं तसा.
तरी वीस मिनिटं टॉवेलखाली ठेवला.
यावेळी मला कुणी सांगावं लागलं नाही.

रेषेच्या आडवा काप. नखाएवढा.
तिनं तो जिभेनं टाळूवर दाबला.
चावलं नाही. दाबलं फक्त.
मी तिच्या गळ्याकडं बघत राहिलो,
बघायचो तसा, भट्टीच्या तोंडाकडं,
रंग बदलतोय का.

गिळलं.
पाटी ओढून लिहिलं: मीठ कमी.
पुसलं नाही. खाली, बारीक अक्षरात: अजून.

मी सुरी पुसली.
पुढचा काप जरा जाड काढला.