साडेबारा फोटो

कन्ना चौकात माझं दुकान होतं तेव्हा
दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स,
आणि दुपारी दोन ते पाच लाइट नाही.

पोशेट्टी येमुल आले पावणेबाराला,
खांद्यावर टॉवेल, टॉवेलात गुंडाळलेला कॅमेरा,
जावयानं मस्कतहून धाडलेला,
कपड्याच्या साबणाएवढा जाड.
"अक्का, ह्यात फोटो हाईत, पण निघंनात.
स्टुडिओवाला रीळ मागतो.
रीळच न्हाई तर देऊ काय?"

केबल नऊ टाचण्यांची.
मशीनच्या मागं तसं भोक एकच, त्यात माउस बसलेला.
माउसला उठवलं, कॅमेऱ्याला बसवलं,
आणि मग टॅब, टॅब, एंटर,
अंधारात जिन्याच्या पायऱ्या मोजाव्यात
तशी बाण नसलेल्या पडद्यावर चालत राहिले.

सीडीवर ओरखडे. पोशेट्टींनी टॉवेलनं पुसली,
मधून कडेला, सरळ, गोल गोल नाही.
कुणी शिकवलं, मी विचारलं नाही.

कॅमेरा सापडत नाही, असं पडदा म्हणाला.
कॅमेरा माझ्या हातात होता.
मोडेम काढून पाहिला,
मशीन तीनदा बंद-चालू केलं,
चार पेन्सिल सेल बदलले,
तेव्हा कुठं सापडला,
आणि पहिल्याच फोटोच्या निम्म्यात सुटला.
परत लावला. परत सुटला.

पोशेट्टी स्टुलावर बसून बघत होते.
चाळीस वर्षं जेकॉर्डची डिझाइनं काढलेला माणूस,
ग्राफच्या घराघरांत लाल टिंब भरणारा.
म्हणाले, "सूत कच्चं असंल, तुटत असंल,
तर माग हळू करायचा असतो.
तुमचा ह्यो पळतोय किती?"

एक लाख पंधरा हजार दोनशेनं पळत होता.
आणला नऊ हजार सहाशेवर.

आणि मोर उतरू लागला.
आधी तुरा, मग मान,
एक ओळ, तिच्याखाली दुसरी ओळ,
मध्येच थांबायचा, श्वास घेतल्यासारखा, पुन्हा चालू.
"विणतंय की बे," पोशेट्टी म्हणाले, मला नाही, कॅमेऱ्याला.

एका फोटोला दीड मिनिट.
सगळ्यांवर तारीख एकच, चार वर्षं जुनी,
एक जानेवारी, रात्रीचे बारा.
कॅमेऱ्याला वेळ कुणी सांगितलीच नव्हती.
बारा फोटो टॉवेलांचे. मोर, परड्या, वेली,
एक मोर चोच चुकलेला.
तेरावा बायकोचा.
कपाळ, भुवया, दोन्ही नाकपुड्यांवर चमक्या,
हनुवटी

दोन वाजले.

पाचला मशीननं विचारलं,
राहिलेलं काम पूर्ण करू का?
मी घाईत एंटर दाबलं.
राहिलेलं काम म्हणजे पुसणं होतं.
कॅमेरा धुतल्यासारखा रिकामा.
खोटं बोलता आलं असतं, सेल गेले म्हणून.
बोललेही, अर्धं.
तेराव्याचा वरचा भाग तेवढा हार्ड डिस्कवर राहिला,
हनुवटीखाली सगळं राखाडी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बालामणी स्वतःच आल्या.
"माझं किती आलंय, दाखव."
पाहिलं आणि तेलुगूत काहीतरी बोलून हसत सुटल्या.
मग मराठीत, माझ्यासाठी:
"सूप होतं मांडीवर, इड्या वळत होते.
हातच न्हाईत व्हय?
मग हजाराचा हिशेब कोण पुरा करणार?"
पुन्हा काढू या म्हटलं तर नको.
एकदा बसले ते बसले, म्हणाल्या.

निघताना मात्र खुर्ची पुढं ओढली
आणि दोन्ही हात मॉनिटरखाली,
की-बोर्डच्या कडेवर ठेवले.
नखं काळपट, अंगठ्याला दोऱ्याचा घट्टा.
वर चेहरा, मध्ये राखाडी, खाली हात.
दोघी तिघी बघत राहिलो,
झेरॉक्सला आलेली एक पोरगीसुद्धा.

पोशेट्टी बाहेर सायकल धरून उभे.
माझा दर फोटोला पाच.
मी साठ म्हटलं.
त्यांनी मोजून साडेबासष्ट दिले.

टॅबच्या बटणाला
पुढं बरेच दिवस तंबाखूचा वास होता.