पांढरी दोनच्या जराशी वर

जळगाव एमआयडीसी, चटईचा कारखाना,
मे महिन्यातली रात्रपाळी.
पत्र्याखाली बेचाळीस अंश
आणि ट्रान्सफॉर्मर त्याहून गरम,
तोही निम्म्या लोडवर.

निंबा नानांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक टाकीला टेकवलं,
मूठ कानाला लावली, डोळे मिटले.
"पांढरी दोन," म्हणाले, "जराशी वर.
आयक, पोरा. हा आपला सूर नाही."
नशिराबादच्या भजनात नाना पेटी धरतात,
त्यांच्याशी वाद घालून उपयोग नसतो.

माझ्याकडे भाड्यानं आणलेला अ‍ॅनालायझर.
क्लॅम्प लावले, पडदा उजळला:
करंटची लाट ही लाट नव्हतीच,
दर अर्ध्या फेरीला दोन कुबडं
आणि मध्ये खळगा.
सात ड्राइव्ह, सातही एकाच घाईचे.
व्होल्टेज माथ्यावर येईस्तोवर गप्प,
माथा दिसला की घटाघटा;
टँकर आल्यावर गल्ली जशी
पाच मिनिटांत आठवड्याचं भरून घेते.
तहान तेवढीच,
पण पाइप फाटायला येतो.

पाचवा छत्तीस टक्के, सातवा चौदा.
ब्लोअरच्या जुन्या मोटारीत
पाचवा उलटा फिरतो,
घाण्याला जणू दुसरा बैल
तोंड फिरवून जुंपलेला.
तेल वाढत नाही. घाणा तापतो.

भंगाळे शेठ म्हणाले, कपॅसिटर वाढवू.
मागच्या वर्षी वाढवलेच होते.
त्यातले तीन पुरीसारखे फुगून
कोपऱ्यात पडले होते;
मी नुसतं बोट दाखवलं.

पंधरा दिवसांनी चोक आले. तांब्याचे, जड,
चौघांनी उचलून ड्राइव्हच्या तोंडाशी बसवले.
चोक एवढंच म्हणतो: दमानं पी.
मग कपाटाएवढा फिल्टर,
तो वाकड्या करंटचं माप घेतो
आणि नेमकं त्याच्या उलटं
त्याच क्षणी समोर उभं करतो.
उधारी उंबऱ्यावरच फिटते,
ट्रान्सफॉर्मरपर्यंत जात नाही.

पहाटे चारला पुन्हा पडदा.
गोल. म्हणजे अगदी गोल नाही,
सहा टक्के खरखर उरलीच.
नाना स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून
बराच वेळ उभे.
"तानपुऱ्यात हेच असतं ना रे?
एका तारेत पाच-सात सूर?"
हेच, मी म्हटलं.
"मग तिथं गोड लागतं ते इथं का जाळतं?"
मला येत होतं सांगता,
तारेचा रोध, गाभ्यातले भोवरे, सगळं.
पण नानांनी ड्रायव्हर बाहीला पुसला
आणि ते चहाला निघालेसुद्धा.

दुपारी घरी आलो तर लाइट गेलेली.
आमचा इन्व्हर्टर स्वस्तातला, चौकोनी लाटेचा.
पंखा गुरगुरत होता.
उशीला कान टेकला न टेकला
तोच उठून बसलो.
उज्ज्वला म्हणाली, आता काय?
पांढरी दोन, मी म्हणालो, बहुतेक.
ती म्हणाली, वारा येतोय ना?
मग झोपा.